चौदा एमएम, सेकंडहँड

कोल्हापूरहून एसटीनं आली, टॉवेलात गुंडाळलेली.
काच बेडकाच्या डोळ्यासारखी पुढे आलेली,
म्हणून टोपण वाटीसारखं खोल.
विकणारा म्हणाला होता, हिला फिल्टर चढत नाही,
बोट लावू नका, कॅमेरा वर-खाली झुकवू नका,
झुकवलात की इमारती झोपतात.

सकाळी स्टुडिओ उघडायच्या आधी खडेबाजारात उभा राहिलो.
झोपल्या की खरंच.
चांदीवाल्याची माडी, बूटवाल्याची पाटी,
वर कन्नड, खाली मराठी, मधे कुणीतरी फासलेलं डांबर,
सगळी एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून.
कॅमेरा सरळ केला, तीही सरळ झाली.
मग दिसलं, खाली उजवीकडे माझाच बूट आलाय.

एकोणीस वर्षं लग्नाचे ग्रुप फोटो काढतोय मी.
एकोणीस वर्षं एकच वाक्य:
आत सरका. अजून थोडं. ओ काका, वळग बर्री, आत.
नवरीकडच्या आत्या, आमंत्रण उशिरा गेलेले शेजारी,
अर्धा कान, अर्धा फेटा घेऊन
किती जण राहिले असतील माझ्या बाहेर.

दुपारी वडगावला गेलो.
ईरण्णा हावळांच्या मागाच्या खोलीत
पन्नासनं कधीच काही जमलं नव्हतं.
भिंतीला पाठ लावायची, पोट आत ओढायचं,
तरी माग आला तर माणूस नाही,
माणूस आला तर हात नाहीत.
आज उंबऱ्यातनंच सगळं:
खड्डा, खड्ड्यातले पाय, धोटा,
जकार्डची भोकाभोकांची पुठ्ठी,
कॅलेंडरातली बनशंकरी,
एक कौल काढून तिथं बसवलेली काच
आणि तिच्यातनं मागावर पडलेला उजेडाचा तुकडा.
पण ईरण्णा मधे, लांब, भाताच्या शितासारखा बारीक.
आणि कडेला कांडी भरत बसलेली सावंत्रव्वा
रुंद, चाकासकट ओढली गेलेली,
दंड मांडीएवढा.

तिनं मागच्या पडद्यावर वाकून बघितलं.
"अय्य, मी एवढी कवा झालो ओ?"
मी म्हणालो, कडेला बसलं की लेन्स ओढतेय,
मधे या, बारीक दिसाल.
"मधी आलो तर कांडी कोण भरतंय?"
आणि ईरण्णा, धोट्यावरची नजर न उचलता,
अर्धं कन्नड, अर्धं आमचं:
"काठाचं सूत दाट धरायचं असतंय.
काठ सैल सुटला की साडी मधनंच झोळ खातीय, नोडरी."
तो साडीविषयीच बोलत होता.

रात्री संगणकावर बसलो.
एक बटण आहे, वाकडेपणा काढायचं.
दाबलं.
सावंत्रव्वा जरा वाळली,
दाराची चौकट ताठ झाली,
आणि चौकटीला टेकून उभी असलेली त्यांची नात,
जी मला तिथं असताना दिसलीच नव्हती,
एक वेणी, एक कान, गणवेशाची बाही,
तेवढी कापली गेली.
पुन्हा दाबलं. आली.
पुन्हा दाबलं. गेली.
असं बराच वेळ.
बायको आतनं ओरडली, लाईट बंद करणार हाय का न्हाई.

वाकडाच छापला शेवटी.
बूट इथंही आलाय, खालच्या कोपऱ्यात, असू दे.
फ्रेमवाला मकबूल म्हणतोय, सगळं बसवतो,
पण पट्टीखाली चारी बाजूंनी सूतभर जाणारच.
सूतभर म्हणजे किती, विचारलं.
त्यानं नखाचा पांढरा भाग दाखवला.
वेणीची रिबीन तेवढीच आहे.