तिसरा मजला

मोजमाप मी घ्यायचं ठरलं,
कारण टेप माझ्याकडे होती, आणि संशयही.
इझिल्दाबाई पुढे. मालकाच्या वतीने त्याच सगळं बघतात.
लिफ्ट आहे, म्हणाल्या, पण आपण तिला उगाच दमवत नाही.
अठरा जून रस्त्याचे हॉर्न दुसऱ्या वळणापर्यंत
आमच्याबरोबर चढले, मग मागे राहिले.

दार उघडलं. ओल्या चुन्याचा वास.
इथे नवीन असं काहीच नाही, त्या म्हणाल्या
आणि भाडं सांगितलं :
पलीकडच्या काचेच्या इमारतीपेक्षा
चौरस मीटरमागे साठ रुपये जास्त.

पंखे तेच, आतली मोटर बदललेली.
फॉल्स सीलिंग काढलं, तेव्हा दोन फूट हवा सापडली
आणि पारव्यांची तीन घरटी.
फायलींच्या रॅकची फळी सोलून गुरुदास च्यारींनी
टेबलं केलीत. गच्चीतल्या टाकीचं पाणी फ्लशला.
आणि ही सिमेंटची जाळी बघा, कुणी मूर्खांनी
एसीसाठी बुजवली होती.

आम्हीच, असं माझ्या ओठांवर आलं.
टेप मी भिंतीला लावली.

चौदा वर्षं. मेसर्स भोबे आणि मिनेझिस,
खनिज वाहतूक. कुठली बार्ज कधी भरली,
किती टनांची, कुठल्या भरतीला सुटली,
मुरगावच्या बंदरात जपानचं कोणतं जहाज वाट बघतंय,
हे मी त्या कोपऱ्यात लिहायचो.
तो कोपरा आता पॅन्ट्री आहे.
सायंकाळी शर्टाची कॉलर तांबडी असायची,
बायको म्हणायची, खाणीत जाता की ऑफिसात?
मग खाणी थांबल्या. साहेबांनी आम्हाला
एक एक कॅल्क्युलेटर दिला आणि दार लावून घेतलं.

वल्लरी भाटीकर, माझी आताची मालकीण, वय एकतीस,
खारफुटीचे नकाशे करते.
जाळीसमोर उभी राहून तिने डोळे मिटले.
वारा येतो हो, म्हणाली.
मांडवीवरून येतो, मी म्हणालो. दुपारी तीननंतर.
तुम्हाला कसं माहीत?
अंदाज.

पत्रकात दोनशे अकरा मीटर. माझी टेप म्हणते
दोनशे आठ पूर्णांक सहा.
इझिल्दाबाई हसल्या : कितें हें, भिंती जाड आहेत ना.
भिंतींचं भाडं आम्ही का द्यायचं?
बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी
एका महिन्याचं भाडं सोडलं, मीटर सोडले नाहीत.

वाकलो तेव्हा दिसलं :
फरशीच्या सांध्यासांध्यात तोच तांबडा.
तीन वेळा घासली, त्या म्हणाल्या, गेला नाही,
म्हणून तसाच ठेवलाय. आर्किटेक्ट म्हणते, जागेला वय दिसतं.
बोटाने खरवडला. नखात आला.
ते टन मी लिहिलेले नव्हते.

नोटरीकडे कागद : अकरा कलमं.
जाळी बुजवू नये, हे सातवं.
जागा सोडताना मूळ स्थितीत परत करावी, हे नववं.
मूळ कुठली, हे मी विचारणार होतो,
पण वकील जेवायला उठायच्या घाईत.

भाडेकरूचा पत्ता तुम्हीच भरा, अक्षर बरं आहे तुमचं,
वल्लरीने पेन पुढे केलं.
हात आपला चालू लागला. मेसर्स भोबे आ
इथे थांबला.

आडवी रेघ. खाली खरं नाव.
रेघेपाशी छोटी सही लागते, नोटरी म्हणाले,
खोडलं ते तुम्हीच खोडलं, एवढ्यासाठी.

केली. मग पत्ता.
तो मात्र एकदाही न थांबता उतरला,
पिनकोडसकट.