आदल्या दिवशी, खोली क्रमांक चार

एप्रिल म्हणजे माझा हंगाम.
टांडापेठ ते प्रतापनगर,
स्कूटरच्या मागे खसचे गठ्ठे,
डिक्कीत पंप, पान्हे, चिकटपट्टी.
डांबर चपलेला धरायला लागलं
की अख्ख्या नागपूरला माझा नंबर आठवते.

त्यांनाही आठवला.

मोठ्या भाऊंच्या प्रचार कार्यालयात सहा कूलर बसवले.
मांडवात ताकाचे ड्रम, पोरांच्या गळ्यात नवे दुपट्टे.
बिल झालं नऊ हजार चारशे.
"निकालानंतर ये," म्हणाले.
मागच्या निकालाआधीही हेच म्हणाले होते.
पण खोटं कशाला बोलू,
आमच्या गल्लीतली गटार त्यांनीच झाकून दिली,
आणि शकुनच्या ऑपरेशनला त्यांची चिठ्ठी
मेडिकलच्या खिडकीत चालली.
चिठ्ठी चालली हे चांगलं
की चिठ्ठीशिवाय चालत नाही हे वाईट,
पंपाच्या जाळीतला गाळ खरवडता खरवडता
यावर मी किती दुपारी घालवल्या.

दुसरे वकीलसाहेब, धरमपेठेतले.
फ्यूज उडाला तर स्वतः टॉर्च धरून उभे राहिले,
पाणी विचारलं, पैसे रोख दिले,
जाताना म्हणाले, "तुमच्या लोकांचे प्रश्न काय आहेत?"
मी म्हटलं, साहेब, यंदा खस महाग झाली.
ते हसले.
मी विनोद केला नव्हता.

तिसऱ्या बाईंकडे कूलरच नाही.
टेबलफॅन, तोही मान न वळवणारा.
बोलतात खरं,
पण मंगळवारीपर्यंतही त्यांचा आवाज पोचत नाही,
दिल्ली तर कुठल्या कुठे.

यामिनी पहिल्यांदाच मत देणार.
रात्री गच्चीवर मोबाइल धरून शपथपत्रं वाचते:
याची जमीन, त्याचं सोनं,
बायकोच्या नावचे फ्लॅट, कोणावर किती गुन्हे.
"बाबा, यात कूलर कोणीच लिहिला नाही!"
आम्ही दोघं हसलो.
मग ती गप्प झाली. डिग्री होऊन दोन वर्षं झाली तिला.
तो रकाना शपथपत्रात नाही.

आज दुपारी शाळेतून फोन आला.
खोली क्रमांक चार. माझी सातवी याच खोलीत नापास झाली.
काटोलकडचे एक मास्तर, शर्ट पाठीला चिकटलेला:
"रात्री इथंच झोपायचं आहे बाप्पा, काहीतरी करा."
पंप उघडला तर आत खडूचा चिखल.

भिंतीवर उमेदवारांची यादी. सव्वीस नावं.
महिनाभर मी तीनच तोलत होतो.
एकोणिसाव्यावर टिकाराम धकाते,
आपला सायकलवाला. दर वेळी उभा राहते,
दर वेळी अनामत घालवते,
अन् निकालाच्या दुसऱ्या दिवशी आठला दुकान उघडते.
काहून रे, विचारलं होतं मी एकदा.
पंक्चर घासता घासता म्हणाला,
"पाच वर्षांत एकदाच
सरकार माझं नाव बरोबर लिहिते."

प्लगचा बोर्ड होता पुठ्ठ्याच्या आडोशामागे.
वायर घेऊन तिकडे वळलो तर मास्तर ओरडले,
"तिकडं नाही! तिकडं उद्या!"
पेटीतल्या सीलबंद मशीनकडे
आम्ही दोघांनी एकदमच पाहिलं,
झोपलेल्या लेकराकडे पाहावं तसं.
वायर मग खिडकीतून फिरवली.

कूलर लगेच गार करत नाही.
आधी नुसती धूळ येते, कोरडी.
पाणी वर चढते, खस भिजते,
तेवढा वेळ समोर बसून राहावं लागते.
वास आला तेव्हा मास्तरांनी डोळे मिटले.
बिलाचं मी काढलं नाही, त्यांनीही नाही.

घरी आलो. "ठरलं का बाबा?"
"पाणी चढते आहे," म्हटलं.

डाव्या बोटावर ग्रीस होतं.
साबण लावला, राख लावली, निघता निघेना.
यामिनीनं माझा हात उजेडात धरला, म्हणाली,
"शाई लागायची जागा तरी सोडायची ना."