सुपात शेंगा

कादराबादेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं अंबादास सोनुन्यांचं.
बहात्तरच्या दुष्काळात रेडिओ दुरुस्त कोण करणार?
लोक विकायलाच आणायचे.
त्यातलाच एक उघडून, आतलं सामान
साबणाच्या डबीत बसवून
सोनुन्यांनी ते थोरल्या भावाच्या कानाला लावलं.
भाऊ जिनिंगला, बारा वर्षं यंत्राशेजारी.
ऐकून म्हणाला, "आंब्या,
तुझा आवाज असा घोगरा कधी झाला रे?"

माहितीपत्रकात हे नाही.
तिथं आहे : स्थापना १९७६, औद्योगिक वसाहत, जालना,
आणि टाय लावलेले सोनुने.
टाय शेख मुनीरचा, लग्नातला.
भांडवल लुणावतांचं, अकरा हजार,
तेही माहितीपत्रकात नाही.

मी एक्याऐंशीला लागले. टेस्टिंग टेबल.
दहावी नापास, पण उच्चार स्वच्छ म्हणून घेतलं.
"मोठ्यानं बोलायचं नाही," सोनुने म्हणाले,
"बहिऱ्याशी सगळेच मोठ्यानं बोलतात.
आधी जातो तो स. मग श.
साखर म्हणावं तर माणूस आकर ऐकतो,
आणि आपण म्हणतो, म्हातारं चळलं."
म्हणून दर यंत्रापुढं मी म्हणायची :
सुपात शेंगा, शेंगांत साखर.
दिवसाला साठ वेळा.
संकष्टीला उपाशीपोटी तर
शेंगा म्हणताना तोंडाला पाणी सुटायचं.

बाहेरची यंत्रं यायची गुलाबी.
"असा कान कुणाचाय जालन्यात?"
एका दुपारी सोनुन्यांनी सगळ्यांना
बाह्या सारून टेबलावर हात ठेवायला लावले.
मुनीरचा, माझा, दिवाणजींचा,
पॅकिंगच्या द्वारकाचा.
मध्ये प्लास्टिकचे तुकडे मांडले, पत्त्यांसारखे.
एक जुळला द्वारकाच्या मनगटाशी,
बांगड्यांखाली ऊन न लागलेल्या पट्ट्याशी.
खरेदीच्या वहीत रंगाचं नावच पडलं :
'द्वारका, दोनशे किलो.'
पगार तिचा तोच राहिला.
म्हणायची, "बाई, परतूरपासून उदगीरपर्यंत
मी लोकांच्या कानामागं बसलेय."

धंदा म्हणजे शिबिरं.
शाळेचा व्हरांडा, सतरंजी, मेणाचा वास,
सरकारी ऑर्डर, आणि बिल तिसऱ्या वर्षी.
मिलमधले मारोती शेजूळ आठ दिवसांत यंत्र घेऊन परत आले :
"पंखा असा वाजतो? आन् मी त्याच्याखाली
वीस वर्षं झोपत होतो?"
मंठ्याच्या एका बाईनं पैसे रोख दिले,
पदर कानावर ओढला, आणि हळूच :
"मला ऐकू येतंय हे सुनेला सांगू नका."
मुनीरनं हे पावतीवर लिहिलं. शेरा : गुप्त.

मग कॉम्प्युटरवर जुळवायची यंत्रं आली,
शेंगदाण्याएवढी.
माझ्या जागी एक पेटी आली. शिट्टी मारायची, कागद काढायची.
साखर तिला माहीत नव्हती.
सोनुने रोज पेटीपाशी उभे राहायचे,
काही बोलायचे नाहीत.
दोन हजार नऊला शेडला कुलूप.
साचे भंगारात, किलोवर.
चार शेड पलीकडेच भट्टी. त्याची सळई झाली.
कुणाच्या तरी स्लॅबात आमचे कान आहेत.

वायरींचा एक डबा मात्र मी घरी आणला होता.

परवा भोकरदनकडचा एक पोरगा आला,
पत्ता शोधत शोधत. आजोबांचं यंत्र,
रंग द्वारका, तडा न गेलेला.
वायर तुटलेली.
नवी लावली, गोळी कानात घातली, सवयीनं म्हटलं.
उपात एंगा.
वायर बदलली. पुन्हा म्हटलं.
एंगांत आकर.
तिसरी लावली.
पोरानं यंत्र माझ्या हातातून घेतलं, आपल्या कानाला लावलं,
"म्हणा, आजी."
म्हटलं.
"येतंय की चांगलं," तो म्हणाला.

चौथी वायर मी डब्यात परत ठेवली.