थेंबांची नोंद

कायतानने ती मला चोडणच्या मानशीवर दिली.
जाळ्यात दोन शेवटे, मूठभर सुंगटं, आणि ही:
शेवाळलेली, लिबलिबीत,
पण कानाशीसुद्धा कुठे फाटलेली नाही.
एका बाजूला प्रज्योत आणि वेदांगी, शुभविवाह,
तीन वर्षांपूर्वीची तारीख.
दुसऱ्या बाजूला एक पान, आणि खाली वाक्य:
मी मातीत मिसळून जाते.

"हें कुसना गो बाये," तो म्हणाला,
"वाचून दाखय तिका, जाय जाल्यार."

खोटं नव्हतं ते वाक्य. अर्धं होतं.
तिला साठ अंशांची ऊब लागते, ढीग लागतो,
तो परतणारा माणूस लागतो.
खाजनातला चिखल थंड, खारा, श्वास कोंडलेला.
तिथे कोण कुणात मिसळणार?

डब्याच्या पिशवीतून तिला फेरीने रायबंदरला आणली.
शेजारची बाई नाकाला पदर लावून उठून गेली.

शाळेत आम्ही विकर म्हणायचो,
इथे सगळे एन्झाइम म्हणतात.
मूळचं ते एका बुरशीचं हत्यार,
पडलेल्या पानाची मेणचट कातडी उघडणारं.
फणसाच्या पानाची ती तुकतुकी
हीसुद्धा एक प्रकारचं पॉलिएस्टरच,
हे मला नोकरी लागेपर्यंत
कुणी सांगितलं नव्हतं.

धुतली. नखाएवढे तुकडे केले.
पन्नास अंशांचं पाणी, संथ ढवळणी, वर एक पंप.
विकर चावत नाही, कुरतडत नाही.
दोन कड्यांच्या मधे
पाण्याला आत यायला जागा करून देतं, एवढंच.
कडी सुटली की आम्लाचं एक टोक उघडं पडतं,
पाणी किंचित आंबट होतं,
आणि पंप अल्कलीचा एक थेंब सोडतो.
टक्.
थेंब मोजायचे, म्हणजे किती कड्या सुटल्या ते कळतं.
माझं काम ते.

पहिले तीन तास काहीच नाही.
दुपारी वीज गेली होती, फ्रीज बंद,
वाटलं, विकर मेलं.
मी रजिस्टरात शून्य लिहीत बसले,
शून्याखाली शून्य,
शून्याखाली शून्य.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी
टक्.
मग बराच वेळ नाही.
मग टक्. टक्.
रखवालदार वसंत गावस दारातून डोकावला:
"नळ गळता काय?"
मी बोटाने गप्प केलं त्याला,
पाळण्याजवळ करतात तसं.

पहाटेपर्यंत चार हजार एकशे बारा.
तुकडे आधी धुरकट झाले, मग जाळीदार, मग नुसता गढूळपणा.
शाई मात्र खात नाही ते.
अक्षरं पिशवीपासून सुटून वर आली,
थोडा वेळ एक 'वे' तरंगताना मला दिसला,
एक अर्धा 'ज्यो'.
मग तेही विस्कटलं.
गाळणीवर चिमूटभर हिरवी धूळ राहिली.
त्या धुळीसाठी रजिस्टरात रकाना नाही.
मी ती एका कुपीत भरली,
वर चिठ्ठी चिकटवली, चिठ्ठीवर काय लिहावं सुचलं नाही.

बाकी सगळं हिशोबाप्रमाणे.
आम्ल घातल्यावर तळाशी पांढरी पूड बसली,
एका बाटलीत दाट गोडसर द्रव,
एकात तेच आम्ल जे दह्यात असतं.
नवं, कोरं.
जणू त्यांनी कधी कुणाचा बुंदीचा लाडू धरलाच नव्हता.

रविवारी बाटली घेऊन मानशीवर गेले.
कायतानने ती उन्हात धरली, हलवली,
बूच काढून हुंगली.
"मागीर? हाचें कितें करतलीं?"
"पिशवी."
"परत पोतीच?"
"परत."

भरती लागत होती. मानशीचं दार
आपोआप मिटत आलं, लाकडावर लाकूड.
तो बाटलीकडे बघत राहिला, मग पाण्याकडे,
मग मोठ्याने हसला, इतका की बगळा उडाला.
"बरें," म्हणाला, "मागीर ती परत म्हज्याच मानशींत येतली.
हांव हांगाच आसा."

आणि बाटली मला परत देताना
बूच घट्ट आहे ना, ते त्याने दोनदा पाहिलं.