सतरा नंबरची बाई

चाळीस वर्षं मी सार्डिनचे डबे तोलले,
सेतुबालच्या धक्क्यामागच्या कारखान्यात.
एकशे पंचवीस ग्रॅम, तेल धरून.
तळहातावर डबा ठेवला की कळायचं
कुणी एक मासोळी कमी घातलीय.
झाकणावर माझा शिक्का : सतरा.
तक्रार आली, की सतरा नंबरच्या बाईला बोलवा.

बाल्तझार गेला आणि हे सगळं मी विसरले.

त्याचा प्रकाशमापक विकायला काढला फोनवर,
नातीने दाखवलं तसं : फोटो, किंमत, दोन ओळी.
मी तिसरीही लिहिली,
माझ्या नवऱ्याचा आहे, फार जपलेला.
घेणारा इतका गोड!
म्हणाला, वडिलांची आठवण झाली.
मी बुटांच्या खोक्यात मापक ठेवला,
धक्का लागू नये म्हणून वर लोकरीचे मोजे कोंबले
आणि साध्या टपालाने धाडून दिला.
पाचव्या दिवशी तक्रार : खोकं रिकामं निघालं.
पैसे परत गेले.
मापक परत आला नाही.
मोजेसुद्धा.

आजी, पुरावा काय आहे तुझ्याकडे?
नातीने विचारलं.
मोज्यांचा रंग सांगू शकले असते मी.

मग कॅमेऱ्याची पाळी आली.
ह्याच्यात त्याने गोदीतली जहाजं टिपली,
एकदा मलाही,
डोक्याला कारखान्याची टोपी, कोपरापर्यंत खवले.
या वेळी मी सतरा नंबरची बाई होऊन बसले.
तळावरच्या आकड्यांचा फोटो काढला.
भिंतीवरचं घड्याळ दिसेल असा व्हिडिओ, एका दमात :
कॅमेरा खोक्यात, खोकं चिकटपट्टीत.
आणि त्याआधी, बॅटरीच्या झाकणाआड,
जिथे कुणाची नजर जात नाही,
नेलपॉलिशचा जांभळा ठिपका.

एकाने पैसे भरल्याचं चित्र पाठवलं आणि घाई लावली.
चित्रातले पैसे चित्रात राहू देत, म्हटलं,
बँकेत आले की बोलू.
दुसरा ऐनवेळी म्हणाला, पत्ता बदला, पुतण्याकडे पाठवा.
मग पुतण्यालाच घेऊ द्या की.
तिसरा पोर्तोचा. बरा वाटला. पैसेही पोचले.
टपाल कचेरीत ओदेतने खोकं काट्यावर ठेवलं :
एक हजार दोनशे चाळीस.
आकडा छापून दे, मी म्हटलं,
आणि त्याची सही घेतल्याशिवाय कुणी हातात देऊ नका.
ओदेत हसली.
हसू दे.

नवव्या दिवशी खोकं परत.
सोबत चिठ्ठी : बिघडलेला पाठवलात.
घरी उघडलं नाही. तसंच ओदेतच्या खिडकीशी नेलं,
आणि काट्याच्या आधी तळहातच बोलला :
एक मासोळी कमी.
काट्यावर एक हजार एकशे नव्वद.
तीच कंपनी, तेच काळं कातडं,
तळावरचे आकडे खरवडलेले.
झाकण उघडलं.
ठिपका नव्हता.

मी भांडले नाही.
फोटो, व्हिडिओ, दोन पावत्या, ओदेतची सही,
सगळं पाठवून दिलं आणि कांदा चिरायला घेतला.
आठवड्याने निकाल आला. पैसे माझेच राहिले.
नात टेबलाभोवती नाचली.
मला मात्र रात्रभर दिसत राहिला
कुणा लबाडाच्या गळ्यात लोंबणारा
बाल्तझारचा कॅमेरा.

हा मेलेला कॅमेरा आता माझ्याकडे.
काल पुसायला घेतला,
तर आत फिल्म. आकडा एकोणिसावर थांबलेला.
एकोणीस वेळा कुणीतरी कुणालातरी
हलू नकोस म्हणालं असेल.
लबाडाला मूल असेल, किंवा आई.
किंवा हाही कुणाकडून असाच लाटलेला.

नात म्हणते, फेक.
धुऊन बघावी असंही आलं मनात.
पण दुसऱ्याचं पाकीट उघडायची सवय नाही मला.

आज सकाळी अंधारात चाचपत फिल्म गुंडाळून काढली,
डबीत घातली,
पोर्तोचा पत्ता लिहिला.
ओदेत म्हणाली, अगं, त्या माणसाला?
त्यालाच.
सत्तावीस ग्रॅम.
रजिस्टर कर, मी म्हटलं,
आणि पावती दे.