जवसाच्या फुलाचा रंग

लाईन येते रात्री साडेबाराला, शेतपंपांसाठी.
आधी गावातले बोअर घुरघुरतात,
मग माझी मोटर.
ती पूर्वी बोंद्र्यांच्या गिरणीत गहू दळायची.
अजूनही सुरू होताना पिठाचा वास येतो,
की मलाच येतो, माहीत नाही.

बांगड्या काढून खिळ्याला अडकवते.
शेजारच्या गिरजाबाईला ते अजून पाहवत नाही.
पदर नको म्हणून बाबाचा सदरा,
बाह्या कोपरावर पिन लावून,
केस रुमालात घट्ट.
पट्टा फिरू लागला की
खिळ्यावरच्या बांगड्या आपसात बोलतात.

आधी साठ नंबर.
ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद,
ठोकलं बाबानं, पाणी पाजलं मी.
काळी साल निघते, खालून राखाडी अंग उघडं पडतं.
घणाचे खळगे भरत नाहीत कधी,
बाकीचं अंगच झिजून
त्यांच्यापर्यंत खाली उतरतं.

मग एकशेवीस, आडवा.
मग दोनशेचाळीस, उभा.
मागच्यानं काढलेले ओरखडे पुढच्यानं पुसायचे,
वर आपले काढून ठेवायचे.
वाटतं झालं,
आणि बल्बखाली तिरकं धरलं की
साठाचा एखादा राहिलेला ओरखडा
मधोमध उभा,
लग्नात पत्रिका न गेलेल्या मामासारखा.
जा परत मागे.

हातमोजे घालत नाही.
ताप बोटाला कळला पाहिजे.
बोट म्हणालं पुरे, की बादलीत.
मुकाट बुडलं तर वेळेवर,
छर्र झालं तर उशीर.

त्या रात्री पुसाची थंडी होती,
बोटांना काही ऐकू येत नव्हतं.
कवडूचा सुरा, बांबू चिरायचा, हातभर लांब.
शेवटचाच हात राहिला होता, टोकाकडचा.
टोक पातळ असतं, त्याला लवकर चढतो.
मी बादलीकडे वळेपर्यंत
आधी गव्हाचं काड, लगेच जांभूळ,
आणि मग जवसाच्या फुलाचा निळा,
करंगळीच्या नखाएवढा.

बांधापलीकडे हा रंग सकाळी दहापर्यंत असतो,
मग पाकळ्या गळतात.
मोटर बंद न करता
मी बघत राहिले.

निळा काढता येतो.
चारशेच्या पट्ट्यावर दोन हलके हात, बस.
पातं असं चकाकलं
की खिळ्यावरच्या बांगड्या त्यात हलताना दिसल्या.
टोकाला कानस लावून पाहिली.
जिथं घसरायला हवी होती, तिथं ती चावली.
मी कानस जागेवर ठेवली,
सुरा पेपरात गुंडाळला,
वर कवडूचं नाव लिहिलं.

सकाळी तो सायकलवर आला.
मनगटावरचे केस काढून पाहिले, खूश झाला,
खिशातून घडीच्या नोटा काढल्या.
हा नाही, म्हटलं. टोक मेलं आहे.
त्यानं उन्हात धरलं, डोळा बारीक केला.
"दिसत त नाही, पुस्तकलाबाई."
नाहीच दिसत.
थोडा वेळ तो माझ्याकडे, मी सुऱ्याकडे.
"मंग अर्ध्यात दे नं."

नाही दिला.
रागावून गेला, आठ दिवसांनी दुसरा घेऊन गेला,
पैसे पूर्ण, चहा न पिता.

हा आता आमच्या चुलीजवळ असतो.
एवढ्या लांब सुऱ्यानं आई वांगी चिरते
आणि मला शिव्या देते.
मागची धार महिनाभर टिकते,
टोक मात्र दर रविवारी बसतं.
दर रविवारी लावते, दर रविवारी
केसभर कमी होतं.

बाबाला घणाच्या चाळीस वर्षांनी ऐकू येत नाही,
पण पट्ट्यासमोर मी कशी उभी आहे,
त्यावरून त्याला हातात कोणतं पातं आहे ते कळतं.
"काहून झिजवून राह्यली? काप नं ते टोक."

बरोबर आहे. एका मिनिटाचं काम.
साठाचा पट्टा तर लावलेलाच आहे.
मी मान हलवते,
सुरा बादलीत बुडवते,
बोट टेकवून पाहते.