मोकळ्या डब्याची चाल

भरलेल्या डब्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.
सिमेंट चढलं, कांदा चढला, की डबा
पोटभर जेवलेल्या माणसासारखा शहाणा होतो,
रूळ सांगेल तसं चालतो.

धिंगाणा घालायचा तो मोकळा.
ओढ्याच्या अलीकडच्या सांध्यांवर असा उसळायचा
की वाटावं, आतून कुणी दार बडवतंय.
एका चाकाचा भार तर क्षणभर इतका हलका झाला
की वरून कागद आला : कारण कळवा.

मी कारण लिहिलं. दीड पान.
स्प्रिंग ताठ आहे, कारण ती साठ टनांसाठी घडवली आहे
आणि साठ टन आत्ता दुसरीकडे कुठेतरी आहेत.
खाली सही, शिक्का.

लहानू आहिरेंनी कागद वाचला नाही.
टॉर्च दातांत धरून ते बोगीखाली शिरले,
जुडग्यातल्या एकेका स्प्रिंगेला हाताची वीत लावत गेले,
आणि बाहेर येऊन म्हणाले,
"मॅडम, आतली न् बाहेरची, दोघी सारख्याच उंचीच्या.
दारात पाहुणा एकच, तोही रिकाम्या हाताचा,
आणि दोघी एकदम उठून उभ्या.
एकीला बसू द्या ना जरा."

रात्री नाशिकरोडच्या क्वार्टरमध्ये
मी तेच वाक्य आकड्यांत मांडलं.
मोकळा डबा फक्त बाहेरचीवर तोलायचा,
भार वाढून ती दबली
की मग आतलीने खांदा द्यायचा.
गणित जुळलं. थोडी लाजही वाटली.

"आतली गॅसने कापू या का?"
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी तान्ह्याचं बोट कापायला सांगितलं.
"पाणी जाईल पोलादाचं."
मग बाहेरच्यांच्या बुडाशी लोखंडी कडी घातली,
पाटलीएवढी जाड, एकूण चोवीस.
तीन दिवस लेथवर.
चौदावं कडं दोनदा चुकलं, ते अजून माझ्या टेबलावर आहे,
कागदांवर वजन म्हणून.

धक्के मोजायचं यंत्र पुण्याहून निघालं होतं
आणि निघालेलंच होतं.
म्हणून तांबट आळीतून मामाचं घंगाळ आणलं,
काठापासून बुडापर्यंत ठोक्यांच्या ओळी,
एकीखाली एक, पट्टीपेक्षा नेमक्या.
डब्याच्या मधोमध, गोणपाटावर, काठोकाठ पाणी.
नाशिकरोड ते निफाड.

जुन्या जुडग्यावर पाणी पाचव्या ओळीपर्यंत उतरलं
आणि आमच्या चपला भिजल्या.
कडी घातल्यावर, तेच इंजिन, तोच वेग :
खेरवाडीपर्यंत दुसरी ओळ.
लहानूभाऊ उकिडवे बसून घंगाळात बघत होते,
दूध उतू जायची वाट बघावी तसे.
पाण्यात डब्याचं छप्पर हलत होतं, पण
तुटत नव्हतं.

मी वहीत "यशस्वी" लिहायला घेतलं
तेवढ्यात वळण आलं.
पाणी वरखाली नाही झालं, आडवं झालं,
एका काठावरून सरळ बाहेर, ओंजळभर.
सांधे सोसायला मऊ झालेली स्प्रिंग
आता कुशीवर लवंडत होती.

मी पेन मिटलं.
ते हसले, म्हणजे मिशी हलली.
"बसवली तर पडली आडवी.
आता पाचर बघावी लागंल.
घासून धरते ती, घट्ट झाली तर दगड, सैल झाली तर पाळणा."
आणि खिशातून खडू काढून
डब्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ मारली,
तारीख घातली,
नाव नाही घातलं.

घंगाळ परत केलं तेव्हा मामाने आत नाक घातलं.
"ग्रीसचा वास येतोय. काय शिजवलंस यात?"
चिंच लावून दोनदा घासलं,
तरी काठाशी एक करडी कड राहिलीच,
दुसऱ्या ओळीच्या किंचित खाली.

सोमवारी पाचरी येतील.
म्हटलं, मामा, घंगाळ अजून एकदा लागेल.